रिपोर्ट चांगले आहेत, पण माणूस गप्प आहे

अँजिओप्लास्टी किंवा बायपास होऊन माणूस घरी आला की पहिले पंधरा दिवस दारात चपलांचा ढीग असतो. शहाळी येतात, सफरचंदं येतात, पुण्याची बहीण दोन दिवस राहून जाते, तालमीतली पोरं उंबऱ्यातूनच "आण्णा, काळजी घ्या" म्हणून जातात. कसबा बावडा कोल्हापूर शहरात असला तरी स्वभावानं अजून गावच आहे. सकाळी कुणाच्या छातीत दुखलं तर संध्याकाळपर्यंत लाईन बझारपासून राजाराम कारखान्यापर्यंत बातमी पोचते. मग महिना-दीड महिना जातो आणि चपला कमी होतात. टाके सुकलेले असतात, टूडी इको ठीक असतो, डॉक्टर "छान चाललंय" म्हणतात. माणूस मात्र भिंतीकडं तोंड करून पडून असतो. विचारलं तर म्हणतो, "कशात मनच लागंना." घरातले एकमेकांना समजावतात, "एवढं मोठं दुखणं झालं, मग वाटणारच की असं."

माझं भांडण या "वाटणारच की"शी आहे. उदास होण्याला पटण्याजोगं कारण आहे, म्हणून त्यावर उपचार नकोत, असा अर्थ आपण परस्पर लावून टाकतो. रक्तदाब वाढला तर "वय झालं, वाढणारच की" म्हणून कुणी गोळी थांबवत नाही. मनाच्या बाबतीत मात्र कारण सापडलं की घर निवांत होतं आणि रुग्ण सहा-सहा महिने तसाच काढतो.

हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दर पाच जणांपैकी साधारण एकाला उपचार लागावेत इतकं नैराश्य येतं. हृदयाची पंपिंगची ताकद कमी झालेल्या, म्हणजे हार्ट फेल्युअरच्या रुग्णांतही प्रमाण जवळपास तेवढंच आहे. सौम्य उदासी धरली तर आकडा आणखी फुगतो. हे नुसतं मनाला वाईट वाटणं नव्हे, त्याचा हृदयाशी थेट हिशेब आहे. कॅनडातल्या माँट्रियल शहरात अटॅकनंतरच्या २२२ रुग्णांचा अभ्यास झाला, तो १९९३ साली प्रसिद्ध झाला. नैराश्य असलेल्यांमध्ये पहिल्या सहा महिन्यांत मृत्यूचं प्रमाण इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त निघालं. पुढं असेच निष्कर्ष इतरत्रही आले आणि २०१४ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञांनी अटॅकनंतरच्या नैराश्याला धोक्याच्या घटकांत गणावं अशी शिफारस केली. याची कारणं दुहेरी आहेत. शरीरात ताणाची संप्रेरकं वाढलेली राहतात, रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, अधिक चिकट होतात, नाडीची लवचिकता कमी होते. त्याहून साधं आणि रोज डोळ्यांसमोर घडणारं कारण म्हणजे उदास माणूस गोळी चुकवतो, चालायला जात नाही, सोडलेली तंबाखू पुन्हा मळायला लागतो. स्टेंट घातल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मधेच बंद पडणं किती महागात पडतं, हे डिस्चार्जच्या वेळी सांगितलेलं असतं. पण ज्याला उद्याच नकोसा वाटतो, त्याला ते कितपत ऐकू जाणार?

ओळखायचं कसं

इथं एक अडचण आहे. थकवा, झोप न लागणं, भूक मरणं ही लक्षणं हृदयरोगातही असतात आणि नैराश्यातही. त्यामुळं एकट्या थकव्यावरून काही ठरवता येत नाही. फरक दिसतो तो आवडीत. दम लागणारा माणूस क्रिकेटची मॅच लावून बसू शकतो, नातवाशी बोलू शकतो. नैराश्यात मॅच चालू असते आणि नजर टीव्हीच्या पलीकडं असते. नातू मांडीवर येतो आणि त्याचाही वैताग येतो. दुसरी खूण म्हणजे स्वतःला दोष देणं: "माझ्यामुळं पोराला कर्ज झालं," "मी आता घराला ओझं." तिसरी खूण मराठी पुरुषांत फार दिसते, पण कुणी तिला उदासी म्हणत नाही. ती म्हणजे चिडचिड. भाजीत मीठ नाही म्हणून ताट सरकवणारे मामा स्वभावानं तिरसट झालेत, असं घर समजतं. सगळं तपासल्याशिवाय तसं समजू नका.

डॉक्टर सुरुवातीला दोनच प्रश्न विचारतात. गेल्या दोन आठवड्यांत कुठल्याही गोष्टीत रस किंवा आनंद वाटेनासा झाला का? खिन्न, निराश, हताश वाटलं का? दोन्हींना शून्य ते तीन असे गुण द्यायचे: अजिबात नाही तर शून्य, काही दिवस वाटलं तर एक, निम्म्याहून जास्त दिवस वाटलं तर दोन, जवळजवळ रोज वाटलं तर तीन. बेरीज तीन किंवा त्याहून जास्त झाली की पुढची नऊ प्रश्नांची चाचणी करतात. तिचं नाव पीएचक्यू-९, आणि ती मराठीतही मिळते. बावडेकरांना हे समजावायला फार शब्द लागू नयेत. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. ३९ ला कुणी "नदी आहे, वाढणारच की" म्हणत नाही, सामान माळ्यावर चढवायला घेतात. दोन प्रश्नांच्या बेरजेतले तीन गुण ही इशारा पातळी समजा. त्यावरून निदान होत नाही, पण तयारीला लागावं एवढं नक्की कळतं.

हे प्रश्न एकदाच विचारून भागत नाही. घरी आल्यावर पहिले काही दिवस रडू येणं, भीती वाटणं, दचकून जाग येणं बहुतेकांना होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप निवळतं. म्हणून एकदा डिस्चार्जनंतर लगेच, पुन्हा महिना-दीड महिन्यानं आणि त्यानंतर दर तपासणीच्या वेळी विचारा. पाहुणे ओसरल्यानंतरचा काळ जास्त जपायचा.

मनावर ढकलण्याआधी

सगळंच मनाचं, असं धरून चालणंही तितकंच धोक्याचं. हृदयरोग्याच्या छातीत दुखलं, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर "घाबरलाय, होईल बरं" म्हणत बसू नका. १०८ ला फोन करा. ती भीतीच होती हे ईसीजी काढल्यावर ठरू दे. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलोंनी वाढलं, पाय सुजले, आडवं पडल्यावर दम लागू लागला, तर तो मरगळलेला नाही, त्याच्या अंगात पाणी साठतंय.

नैराश्यासारखी दिसणारी आणखी काही दुखणी साध्या रक्ततपासणीत सापडतात. थायरॉइड कमी पडलं तर माणूस सुस्त, जड आणि उदास होतो. ठोके अनियमित असणाऱ्यांना अमिओडॅरोन नावाची गोळी चालू असेल तर थायरॉइड बिघडण्याची शक्यता जास्त असते, म्हणून ती तपासणी ठरावीक काळानं करायचीच. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-१२ कमी पडतं. हिमोग्लोबिनही पाहून घ्या. रात्री मोठ्यानं घोरून मधेच श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. झोप मोडत राहिली की दिवस कोमेजून जातो.

आणि बीटा ब्लॉकर. "त्या गोळीनंच डिप्रेशन येतं" हे इतक्यांनी इतक्यांदा सांगितलेलं असतं की लोक ती परस्पर सोडून देतात. २००२ साली पंधरा चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा या गोळ्यांमुळं उदासीची लक्षणं लक्षात येण्याइतकी वाढलेली दिसली नाहीत. थकवा थोडा वाढतो, तेवढं खरं. त्रास होत असेल तर डोस किंवा गोळी बदलून मागा, पण एकदम बंद करू नका. अचानक थांबवल्यास हृदयावर उलटा ताण येतो.

कुठं जायचं, काय बोलायचं

"मला काय येड लागलंय?" हे उत्तर मिळणार, असं धरूनच चाला. म्हणून पहिल्यांदा मानसोपचारतज्ज्ञांकडं चला, असं म्हणू नका. हृदयाच्या डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत, रुग्णासमोरच, एक वाक्य बोला: "डॉक्टर, रिपोर्ट चांगले आहेत, पण हे पहिल्यासारखे राहिले नाहीत, महिना झाला, कशातच मन नाही." ओपीडीत दहा मिनिटंही मिळत नाहीत, त्यामुळं हे वाक्य शेवटी दाराशी उभं राहून नव्हे, बसल्याबसल्या सुरुवातीलाच बोलायचं. हृदयाच्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहून पुढं पाठवलं की रुग्णाला तो हृदयाच्या उपचाराचाच भाग वाटतो, आणि तो तसा असतोही.

बावड्याच्या लोकांना त्यासाठी लांब जावं लागत नाही. लाईन बझारला शासनाचं सेवा रुग्णालय आहे, प्राथमिक तपासणी आणि चिठ्ठीसाठी तिथून सुरुवात करता येते. भाऊसिंगजी रोडवरचं सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथं हृदयरोग आणि मानसोपचार असे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. कदमवाडीचं डी. वाय. पाटील रुग्णालयही वैद्यकीय महाविद्यालयाचंच. अँजिओप्लास्टी महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झाली असेल तर त्या फाइलच्या सगळ्या प्रती बरोबर घ्या. नुसतं बोलायचं असेल, आणि बावड्यात कुणी पाहील याची लाज वाटत असेल, तर केंद्र शासनाची टेलि-मानस ही फोनसेवा आहे. क्रमांक १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा फुकट आहे, रात्रंदिवस चालते आणि मराठीत बोलता येतं.

गोळ्यांबद्दल

नैराश्याच्या गोळ्यांना लोक भितात आणि झोपेच्या गोळ्यांना भीत नाहीत. खरं तर ते उलट हवं. मेडिकलमधून ओळखीनं आणलेली अल्प्राझोलामसारखी गोळी त्या रात्रीपुरती झोप देते, आणि काही आठवड्यांतच तिची सवय लागते. वयस्क माणूस रात्री लघवीला उठताना तोल जाऊन पडतो, त्यामागं पुष्कळदा हीच गोळी असते. नैराश्यावरच्या गोळ्यांची तशी तलफ लागत नाही. मात्र त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. आठ दिवसांत "काही फरक नाही" म्हणून सोडणारे फार. बरं वाटू लागल्यावरही सहा-आठ महिने तरी त्या चालू ठेवाव्या लागतात आणि थांबवताना डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायच्या असतात.

हृदयाला त्या चालतात का? सगळ्या नाहीत. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या गटातल्या गोळ्या ठोक्यांची लय बिघडवू शकतात, म्हणून हृदयरोग्यांत त्या टाळतात. सर्ट्रालिन या गोळीची अटॅक किंवा अटॅकच्या उंबरठ्यावरचं छातीचं दुखणं (अनस्टेबल अँजायना) झालेल्या ३६९ रुग्णांवर चाचणी झाली, २००२ साली ती प्रसिद्ध झाली. ही गोळी हृदयाला सुरक्षित ठरली. एस्सिटॅलोप्रॅम आणि तिच्या जवळची सिटॅलोप्रॅम ईसीजीतलं एक अंतर वाढवू शकतात, म्हणून ईसीजी पाहून आणि वयस्कांत कमी डोसमध्ये देतात. दोन गोष्टी रुग्णानं स्वतःहून सांगायला हव्यात. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर नैराश्याच्या गोळीबरोबर रक्तस्रावाची शक्यता थोडी वाढते; हिरड्यांतून रक्त, काळी शौच, अंगावर निळे डाग दिसले तर लगेच कळवा. लघवीची गोळी चालू असेल तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं. सत्तरीतल्या माणसाला नवी गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत गरगरायला लागलं, तो असंबद्ध बोलू लागला, तर सोडियम तपासून घ्या.

गोळी ही अर्धीच बाजू. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या २,४८१ रुग्णांच्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात समुपदेशनानं नैराश्य कमी झालं, पण मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. दक्षिण कोरियात ३०० रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना एस्सिटॅलोप्रॅम आणि बाकीच्यांना नकली गोळी देऊन त्यांच्यावर काही वर्षं लक्ष ठेवलं, तिथं एस्सिटॅलोप्रॅम घेणाऱ्यांत पुढचे हृदयविकाराचे प्रसंग कमी निघाले. म्हणजे नैराश्य बरं केलं की आयुष्य हमखास वाढतं, असं कुणी सांगत असेल तर तो थोडं पुढचं बोलतोय. पण जगणं सुसह्य होतं हे पक्कं आहे, आणि मला वाटतं उपचारासाठी तेवढं कारण पुरे. हार्ट फेल्युअरमध्ये तर गोळ्यांचा उपयोग चाचण्यांत फारसा दिसलेला नाही. तिथं बोलून केलेला उपचार आणि बेताचा व्यायाम यांवर जास्त भर द्यावा लागतो.

मन लागायची वाट न पाहता

उदास माणूस म्हणतो, "जरा बरं वाटलं की जाईन चालायला." या आजारात हा क्रम उलटा करावा लागतो. आधी चालायला जायचं, बरं वाटणं मागून येतं. समुपदेशक हेच शिकवतात: रोजच्या दिवसात दोन-तीन छोटी कामं ठरलेल्या वेळी, इच्छा असो-नसो, करायची आणि वहीत खूण करायची. कामं खरंच छोटी हवीत. पहिल्या आठवड्यात थेट बंधाऱ्यापर्यंत नको, गल्लीच्या टोकापर्यंत पुरे. चालताना बोलता आलं पाहिजे इतकाच वेग ठेवा. बायपास झालेल्यांनी छातीचं हाड जुळेपर्यंत, म्हणजे दोन-तीन महिने, जड उचलायचं नसतं. पण म्हशीला वैरण टाकणं बंद म्हणून गोठ्यात जाणंच बंद, असं का? खुर्ची टाकून बसता येतं, धार काढणाऱ्या मुलाला दोन सूचना देता येतात. ज्याच्या शब्दाला घरात वजन होतं, त्याला विचारणंच थांबवलं की तो मनानं निवृत्त होतो. उसाच्या टोळीचा, सोसायटीच्या कर्जाचा, मुलीच्या स्थळाचा निर्णय त्यांना विचारूनच घ्या. "टेन्शन नको" म्हणून लपवलेली गोष्ट त्यांना शेजाऱ्याकडून कळते, आणि ते जास्त लागतं.

योगाबद्दल विचारतातच. भारतातल्या २४ केंद्रांत अटॅकनंतरच्या ३,९५९ रुग्णांवर योगाधारित पुनर्वसनाची चाचणी झाली. तिनं पुढचे झटके ठोसपणे कमी केल्याचं सिद्ध झालं नाही. पण रुग्णांना बरं वाटणं आणि आधीच्या कामावर परतणं, या दोन्हींत फरक पडला. सौम्य आसनं आणि श्वसन जरूर करा; श्वास कोंडून धरणारे आणि डोकं खाली-पाय वर असे प्रकार मात्र विचारल्याशिवाय नकोत.

डॉ. अभय बंग यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' अशा वेळी हमखास कुणीतरी आणून देतं. मराठी घरात हृदयरोगाबरोबर मनाचाही विचार करायला त्या पुस्तकानं शिकवलं, हे ऋण मोठं आहे. पण नैराश्यात असलेल्या माणसाला एक पान वाचून लक्षात ठेवणं जड जातं, आणि दुसऱ्याला आजारातून उभारी मिळाली, मला मात्र काहीच जमत नाही, अशी टोचणी वर लागते. आधी उपचार, पुस्तक नंतर.

जेवणाचं तर कोल्हापुरात सांगायलाच नको. तांबडा-पांढरा घरात शिजतोय आणि एकाच्या पुढं दुधीभोपळ्याची वाटी, ही शिक्षा वाटली तर नवल नाही. पथ्य सगळ्या घरानं थोडं-थोडं घेतलं तर एकट्याच्या ताटावर पहारा बसत नाही. तिखटापेक्षा मीठ आणि तेल-तूप यांच्याकडं पाहा. वर्षाची चटणी कुटताना रुग्णापुरती कमी मिठाची वेगळी काढा. चव राहते आणि माणूस पंगतीत राहतो.

नवरा-बायकोंच्या संबंधांबद्दल मात्र डॉक्टरांना कुणी विचारत नाही, आणि आतल्या आत कुढणं त्यातूनही सुरू होतं. साधारण नियम असा: दम न लागता, छातीत न दुखता दोन जिने चढता येत असतील तर बहुतेकांना हरकत नसते. पण नायट्रेटची, म्हणजे सॉर्बिट्रेटसारखी गोळी चालू असेल किंवा जवळ ठेवलेली असेल, तर व्हायग्रा गटातली गोळी अजिबात घ्यायची नाही. रक्तदाब जीवघेणा कोसळतो.

"आता सुटलो तर बरं," "गोळ्या कशाला घ्यायच्या" अशी वाक्यं कानावर आली तर ती बोलण्याची रीत म्हणून सोडून देऊ नका. सरळ विचारा, "मरायचे विचार येतात का?" विचारल्यानं विचार मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर माणसाला एकटं ठेवू नका, गोळ्यांचा महिन्याचा साठा आणि शेतीची औषधं घरातल्या दुसऱ्याच्या ताब्यात, कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असल्याचं मानलं आहे. पोलिसांच्या भीतीनं उपचार लांबवायची गरज नाही.

आतापर्यंत आण्णा-मामांबद्दलच बोललो, कारण घरातही लक्ष त्यांच्याकडंच असतं. आक्कांना अटॅक आला तर त्या दहाव्या दिवशी भाकरी थापायला बसतात, म्हणून त्या बऱ्या झाल्या असं घर धरतं. हार्ट अटॅकनंतर नैराश्य पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतं, त्यातही तरुण बायकांत. त्या उदास आहेत हे कळायचं असेल तर भाकरी मोजू नका. त्या शेवटच्या कधी शेजारी जाऊन बसल्या होत्या, ते आठवून पाहा. आणि रुग्ण कुणीही असो, औषधांची पिशवी सांभाळणारी बाई गृहीतच धरलेली असते. तेच दोन प्रश्न तिलाही विचारा. महिन्यातली एक फेरी मुलानं किंवा दिरानं करावी. केएमटीत बसून फाइल घेऊन जायला वैद्यकीय ज्ञान लागत नाही.

पुढच्या भेटीला जाताना दोन आठवड्यांची झोप, चालणं आणि मनःस्थिती एका कागदावर लिहून न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या न्या. नावं सांगताना चूक होते. डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: ही गोळी हृदयाच्या गोळ्यांबरोबर चालते का, गुण किती दिवसांत दिसेल आणि न दिसल्यास पुढं काय. अर्जुनसालीचा काढा किंवा कुणी सांगितलेलं चूर्ण चालू असेल तर त्याचीही पुडी खिशात ठेवा. रक्त पातळ करण्याच्या गोळीशी त्याचं जमतं का, हे त्यांना पाहू द्या.